ठेकेदाराचा पॅन ॲडव्हान्सच्या आधी घ्या, बिलानंतर नको

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात हिंगणा एमआयडीसीत भागीदारीतला पॅकेजिंगचा छोटा कारखाना आहे. वर्षभरात रंगारी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, वाडीचे ट्रकवाले, एक ग्राफिक डिझायनर आणि ऑफिससाठी एक इंटिरिअर डेकोरेटर अशा पंधरा-वीस बाहेरच्या लोकांना पैसे जातात. पैसे देण्याआधी त्यांच्याकडून कराचे नेमके कोणते कागद घ्यायचे? कुणी पॅन देतच नाही म्हणाला तर? आणि परदेशी अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'डब्ल्यू-९'चा रकाना दिसतो, तो भरायचा का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येते: नाही. डब्ल्यू-९ हा अमेरिकेचा फॉर्म. तिथला धंदा तिथल्या ठेकेदाराकडून त्यावर करदाता क्रमांक लिहून घेतो, आणि क्रमांक मिळाला नाही तर २४ टक्के कापून सरकारकडे भरतो. आपल्याकडे ते काम पॅन करतो आणि तो नसेल तर कापायचे २० टक्के. रकाना रिकामा सोडा.

कलमांबद्दल आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आहे. पगाराशिवायच्या टीडीएसची (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) जुनी कलमे आता कलम ३९३च्या तक्त्यांमध्ये आली आहेत, आणि पॅन नसल्यास जास्त दराने कापायची जुनी २०६एएची तरतूद ३९७मध्ये गेली आहे. फॉर्मचे क्रमांकही बदलले. पण बाजारात, सीएच्या ऑफिसात आणि टॅलीच्या लेजरमध्ये अजून १९४सी (ठेक्याच्या कामावरचा टीडीएस), १९४जे (व्यावसायिक फीवरचा टीडीएस), २६क्यू (टीडीएसचे तिमाही रिटर्न) हेच शब्द चालतात, म्हणून खाली तेच वापरले आहेत. रिटर्न भरताना नवा क्रमांक सॉफ्टवेअरमधून बघून घ्या.

तुमची भागीदारी संस्था आहे, त्यामुळे उलाढाल कितीही असो, टीडीएस कापण्याची जबाबदारी तुमच्यावर आहेच. एकट्या मालकाचा धंदा असता तर आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या वर गेली होती का, हे आधी बघावे लागले असते. टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक, काढलेला नसेल तर सगळ्यात आधी तो काढा. नागपूरच्या टॅनची सुरुवात 'एनजीपी' या तीन अक्षरांनी होते. टॅन नसताना टीडीएस कापला तर तो सरकारकडे भरण्याची वाटच राहत नाही.

आता मुद्द्याचे. पॅन कधी मागता यावर सगळे अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी तो तिमाही संपल्यावर, २६क्यू भरायला बसल्यावर मागितला जातो. तोवर काम झालेले असते, पैसे गेलेले असतात, आणि रंगारी काटोलकडे दुसऱ्या कामावर असतो. तो फोन उचलतो, "पाठवतो भाऊ" म्हणतो, आणि पाठवत नाही. पाठवण्याने त्याला आता काही मिळायचे नसते. तोच माणूस ॲडव्हान्स घ्यायच्या दिवशी अर्ध्या तासात पॅनचा फोटो पाठवतो. म्हणून नियम एकच ठेवा: पॅन, बँकेचा कागद आणि पार्टीची माहिती लिहून सही केलेला एक पानी फॉर्म रजिस्टरात लागल्याशिवाय पार्टीचे लेजर उघडायचे नाही, आणि लेजर नाही तर चुकारा नाही. ॲडव्हान्सलाही हेच लागू, कारण टीडीएस ॲडव्हान्सवरही लागतो. बिलाची एंट्री किंवा पैसे देणे, यातले जे आधी घडेल तेव्हा तो कापायचा असतो.

"रक्कम छोटी आहे, मर्यादेच्या आत आहे, मग पॅन कशाला" असे वाटते, आणि इथेच फसगत होते. १९४सीमध्ये एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर कापायचे. पण वर्षाची बेरीज १,००,०००च्या वर गेली तर आधीच्या सगळ्या रकमांसकट पूर्ण बेरजेवर कापायचे. समजा वेल्डरची वर्षभरात २८,०००ची चार बिले आली. पहिल्या तिन्हींवर काही कापायचे नव्हते. चौथ्या बिलाला बेरीज १,१२,००० झाली. पॅन असेल तर १ टक्का, म्हणजे १,१२० रुपये कापून त्याला २६,८८० द्यायचे. कुणाची तक्रार राहत नाही. पॅन नसेल तर १,१२,०००वर २० टक्के, म्हणजे २२,४००. त्याच्या हातात २८,०००पैकी ५,६०० रुपये पडतात. ते तो घेणार नाही, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचा रागही खरा आहे, कारण पहिल्या बिलाला त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते. मग बहुतेक मालक पूर्ण पैसे देऊन टाकतात आणि २२,४०० स्वतःच्या खिशातून भरतात, किंवा भरतच नाहीत आणि नोटीस येते. पहिल्या बिलाच्या दिवशी पॅन घेतला असता तर हा सगळा प्रश्न १,१२० रुपयांचा होता.

न कापल्याचे गणितही माहीत असू द्या. कापायचे राहिले तर दर महिन्याला १ टक्का व्याज, कापून भरले नाही तर दीड टक्का. महिन्याचा एक दिवस झाला तरी पूर्ण महिना धरतात. शिवाय त्या खर्चाचा ३० टक्के भाग त्या वर्षी मान्य होत नाही. २,००,०००च्या बिलावर टीडीएस चुकला तर ६०,००० नफ्यात परत मिळवले जातात, आणि भागीदारी संस्थेला ३० टक्के कर अधिक ४ टक्के उपकर धरून १८,७२० रुपये जादा कर बसतो. समोरच्याने आपल्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवून कर भरलेला असेल, तर सीएच्या दाखल्यावर यातून सुटका मिळते. पण ज्याचा पॅनच तुमच्याकडे नाही, त्याने रिटर्न भरले की नाही हे सिद्ध कसे करणार? म्हणजे पॅन नसला की तीही वाट बंद.

पॅनचा फोटो आला की तो फक्त सेव्ह करून ठेवू नका, वाचा. दहा खुणा असतात: आधी पाच अक्षरे, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. लॅमिनेशनवर उजेड चमकलेला फोटो असेल तर इंग्रजी 'ओ' आणि शून्य, 'बी' आणि ८, 'एस' आणि ५ यांची हमखास गल्लत होते. अशा वेळी जागा बघा: पहिल्या पाचांत आणि दहाव्या जागी आकडा येऊच शकत नाही, सहाव्या ते नवव्या जागी अक्षर येऊ शकत नाही. टायपिंगच्या बऱ्याच चुका एवढ्यावरच पकडल्या जातात.

चौथे अक्षर सगळ्यात कामाचे. 'पी' म्हणजे व्यक्ती, 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, 'एफ' म्हणजे भागीदारी संस्था, 'सी' म्हणजे कंपनी, 'टी' म्हणजे ट्रस्ट. १९४सीचा दर यावरून ठरतो: 'पी' आणि 'एच'ला १ टक्का, बाकीच्यांना २ टक्के. बिलावर मोठ्या अक्षरात 'अमुक फॅब्रिकेशन' छापले आहे म्हणून २ टक्के कापू नका. मालक एकटा असेल तर पॅन त्याचाच, 'पी'चा असतो, आणि दर १ टक्का. उलट प्रकार जास्त घातक. बिल भागीदारी फर्मचे असते आणि एक भागीदार स्वतःचा पॅन देतो, कारण फर्मचे कार्ड "घरी आहे". मग कापले १ टक्का, जमा झाले भागीदाराच्या नावावर, आणि फर्मच्या सीएला ते २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) दिसत नाही. सहा महिन्यांनी दुरुस्तीचे रिटर्न भरण्यापेक्षा त्या दिवशीच फर्मचा पॅन मागून घ्या.

पाचवे अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचे पहिले अक्षर असते. पडताळणीला ते चांगले, पण त्यावर अडून बसू नका: नाव बदलले तरी पॅन क्रमांक बदलत नाही, त्यामुळे लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंच्या पॅनमध्ये माहेरच्या आडनावाचे अक्षर राहते. ती चूक नव्हे.

नुसता क्रमांक बरोबर असून भागत नाही, पॅन चालू आहे का तेही बघावे लागते. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरले जातात, आणि निष्क्रिय पॅन म्हणजे कापायच्या दृष्टीने पॅन नसल्यासारखेच: २० टक्के. कार्ड हातात असते, क्रमांक खरा असतो, फोटो छान असतो, आणि तरी तुम्हाला डिमांड, म्हणजे कमी कापलेल्या कराची मागणी, येते. हे कार्डावरून कळत नाही. टॅनने ट्रेसेसवर (आयकर विभागाचे टीडीएसचे पोर्टल) लॉगिन करा, तिथे पॅन पडताळणीची सोय आहे. क्रमांक टाकला की नाव आणि स्थिती दिसते. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह त्या पार्टीच्या फोल्डरमध्ये टाका. वर्षात एकदा नव्हे, दर तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे एकदा बघा. पंधरा-वीस पार्ट्यांना यासाठी अर्धा तास पुरतो.

पॅन निष्क्रिय निघाला तर त्याला सांगा: आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर १,००० रुपये शुल्क भरून आधार जोडा. इथे एक सवलत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. जुलै २०२५च्या परिपत्रकाप्रमाणे, १ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या रकमांसाठी, ज्या महिन्यात पैसे दिले तो संपल्यापासून दोन महिन्यांत पॅन चालू झाला तर जास्त दराने न कापल्याचा दोष तुमच्यावर येत नाही. तरी तिच्या भरवशावर पूर्ण पैसे सोडू नका. नेहमीचा दर आणि २० टक्के यांतला फरक रोखून ठेवा आणि पॅन चालू झाला की द्या. हे त्याला आधी सांगितले तर तो मान्य करतो; न सांगता कापले तर भांडण होते. आणि वय ८०च्या वर असलेल्या भारतीय नागरिकाला आधार जोडणीतून सूट आहे, तेव्हा एखाद्या ज्येष्ठ सल्लागाराला उगीच हेलपाटा घालू नका.

ज्याच्याकडे पॅन मुळातच नाही, त्याची सोय तुमच्याच ऑफिसात बसून होते. आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला असेल तर ई-फायलिंग पोर्टलवरून झटपट ई-पॅन फुकट निघतो. आधार क्रमांक, ओटीपी, संमती, एवढेच. पीडीएफ आली की ती कार्डाइतकीच ग्राह्य. मोबाईल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्र, नाहीतर पॅन सेवा केंद्रात साधा अर्ज. मात्र "पूर्वी कधी काढला होता का" हे दोनदा विचारा. दहा वर्षांपूर्वी बँकेच्या कामासाठी काढलेला आणि हरवलेला पॅन बऱ्याच जणांच्या नावावर असतो. दोन पॅन बाळगले तर त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुना असेल तर नवा नव्हे, त्याचीच प्रत काढायची.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा: बिल एकाचे, पॅन दुसऱ्याचा, खाते तिसऱ्याचे. "माझ्या खात्यात कर्जाचा हप्ता कटतो, भाच्याच्या खात्यात टाका." "जीएसटी बायकोच्या नावावर आहे, बिल तिचे घ्या, काम मीच करतो." ऐकायला साधे वाटते. पण टीडीएस ज्याला उत्पन्न मिळाले त्याच्या पॅनवर गेला पाहिजे, आणि उत्पन्न कुणाचे हे बिल आणि करार सांगतो. बँकेची नोंद भलत्याच नावाची असेल तर चौकशीत तो खर्च खरा होता हे सांगताना तुमचीच दमछाक होते. म्हणून तीन नावे जुळवा: बिल देणारा, पॅनधारक, खातेदार. रद्द केलेला चेक मागा, ज्यावर नाव छापलेले असते. छापलेले नसेल तर पासबुकाचे पहिले पान. पहिल्यांदा पैसे पाठवताना १ रुपया पाठवून बँकेत दिसणारे नाव बघून घेतले तर खाते क्रमांकाची चूकही तिथेच सापडते. दुसऱ्याच्या खात्यात पैसे देणे मी तरी मान्य करू नका असेच सांगेन. फारच अडले तर बिल देणाऱ्याच्या सहीचे पत्र घ्या, आणि टीडीएस तरीही बिल देणाऱ्याच्याच पॅनवर टाका.

याचाच भाऊबंद म्हणजे फोडलेली बिले. मुकादमाशी ९०,०००चे रंगकाम ठरले आणि तो पाच मजुरांचे पॅन आणून देतो: "प्रत्येकी १८,०००, मर्यादेच्या आत." करार एकाशी झाला, दर एकाने ठरवला, कामाची हमी एकाची, तर ठेका एकच आणि टीडीएस ९०,०००वर. पॅन मागितला की असा तोडगा पुढे येतो, तेव्हा हे लक्षात ठेवा. रोखीचा मार्गही बंद आहे: एका व्यक्तीला एका दिवसात १०,०००च्या वर रोख दिले तर तो खर्चच मान्य होत नाही, मालवाहतूकदाराला ही मर्यादा ३५,००० आहे.

ट्रकवाल्यांचे प्रकरण वेगळे आहे, आणि वाडी-कळमन्याला रोज गाड्या लावणाऱ्यांनी ते नीट समजून घ्यावे. मालवाहतूक करणाऱ्याच्या मालकीच्या गाड्या वर्षात कधीही दहापेक्षा जास्त नव्हत्या आणि त्याने तसे लिहून पॅनसह दिले, तर टीडीएस कापायचाच नाही. इथे चार चुका होतात. पहिली, घोषणापत्र घेतात पण पॅन घेत नाहीत. पॅनशिवाय त्या कागदाला किंमत नाही, २० टक्के लागतात. दुसरी, घोषणापत्र २०२३चे असते आणि गाड्या अजून त्यावरच चालतात. दर आर्थिक वर्षाला नवे घ्या, एप्रिलच्या पहिल्या गाडीच्या आधी. तिसरी, घोषणापत्र ट्रकमालकाचे असते आणि पैसे जातात बुकिंग एजंटच्या खात्यात, त्याच्याच बिलावर. ज्याचे बिल, त्याचे घोषणापत्र. चौथी चूक हिशेबाच्या टेबलावर होते: कापायचे नाही म्हणून २६क्यूमध्ये दाखवतच नाहीत. हे व्यवहार 'टी' शेऱ्यासह, शून्य टीडीएसने दाखवावेच लागतात. आणि ही सूट फक्त मालवाहू गाड्यांना आहे. कामगारांना बुटीबोरी-हिंगण्याला ने-आण करणाऱ्या बसवाल्याला ती नाही, त्याचा टीडीएस नेहमीप्रमाणे कापा.

घोषणापत्रात एवढे असले की पुरे: नाव, पॅन, पत्ता, "मी मालवाहू गाड्या चालवण्याच्या, भाड्याने देण्याच्या व्यवसायात आहे, चालू आर्थिक वर्षात माझ्या मालकीच्या मालवाहू गाड्या कोणत्याही वेळी दहापेक्षा जास्त नाहीत", आर्थिक वर्ष, गाड्यांचे क्रमांक, तारीख, सही. फर्म असेल तर शिक्का आणि सही करणाऱ्याचे नाव.

काही जण १५जी फॉर्म घेऊन येतात: "बँकेत हा दिला की कापत नाहीत." बँकेच्या व्याजाला तो चालतो, ठेक्याच्या किंवा व्यावसायिक फीच्या पैशाला चालत नाही. नम्रपणे परत करा. ज्याला खरोखर कमी दराने कापून हवे आहे त्याने आयकर विभागाकडे अर्ज करून कमी दराचे प्रमाणपत्र आणावे. ते आले की ट्रेसेसवर तपासा, आणि त्यावरची रकमेची मर्यादा व लागू होण्याची तारीख लेजरवर लिहून ठेवा. मर्यादा संपल्यावरही जुन्याच दराने कापत राहिले की डिमांड येते.

दर कोणता लावायचा हे कामाच्या प्रकारावर आहे, म्हणून फॉर्ममध्ये 'कामाचे स्वरूप' हा रकाना नेमकेपणाने भरून घ्या. 'सर्व्हिस चार्जेस' एवढे लिहिलेल्या बिलावरून काही ठरवता येत नाही. तुमच्या यादीतला रंगारी आणि वेल्डर १९४सीमध्ये, १ टक्का. तुमचा इंटिरिअर डेकोरेटर आराखडा आणि देखरेखीची फी घेत असेल तर तो १९४जेमध्ये, १० टक्के, आणि त्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० आहे. तोच माणूस फर्निचर बनवूनही देत असेल तर फी आणि कामाची बिले वेगळी मागा, नाहीतर पूर्ण रकमेवर १० टक्क्यांचा वाद उभा राहतो. डिझायनरबाबत तुमच्या सीएशी एकदा बोलून कलम ठरवा आणि वर्षभर तेच ठेवा. अर्धी बिले एका कलमात, अर्धी दुसऱ्यात, असे केले की प्रश्न विचारले जातातच.

जीएसटीचा भाग थोडक्यात. क्रमांक असेल तर जीएसटी पोर्टलवर लॉगिनशिवाय शोधता येतो: नोंदणी चालू आहे की रद्द, नेहमीची की कंपोझिशन (छोट्या व्यावसायिकांसाठीची ठोक दराची योजना), आणि कायदेशीर नाव काय, हे बघा. कंपोझिशनवाला बिलात कर लावू शकत नाही. पंधरा खुणांपैकी पहिल्या दोन राज्याच्या, महाराष्ट्राला २७. तिसरीपासून बाराव्यापर्यंत चक्क पॅन असतो. पॅन कार्डाशी तो जुळवून बघा, दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत की नाही हे दहा सेकंदांत कळते. छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडचे ठेकेदार नागपुरात भरपूर काम करतात. त्यांच्या क्रमांकाची सुरुवात २३ने असते, आणि मग बिलात सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी आयजीएसटी यायला हवा. नोंदणी नसेल तर 'माझी उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे' असे एका ओळीत लिहून घ्या. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच, करावर नाही. उद्यम नोंदणी आहे का तेही विचारा: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळतो.

तुमच्या डिझायनरला अमेरिकन क्लायंटने डब्ल्यू-८बेन मागितला तर घाबरू नये. डब्ल्यू-९ तिथल्या लोकांचा, डब्ल्यू-८बेन बाहेरच्या व्यक्तींचा. तो क्लायंटकडेच राहतो, तिथल्या कर खात्याला पाठवायचा नसतो. परदेशी कर क्रमांकाच्या जागी आपला पॅन लिहायचा. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरअखेर तो चालतो. नागपुरात बसून केलेल्या कामाची फी इथल्या रिटर्नमध्ये दाखवायची असते. उलट तुम्ही कधी परदेशातल्या माणसाला पैसे पाठवणार असाल तर वरचे काहीच लागू नाही: त्याच्या देशाचा कर-निवासी दाखला, १०एफ (त्याने द्यायचा फॉर्म) आणि १५सीए (पैसे पाठवताना तुम्ही भरायचा फॉर्म) यांची तयारी लागते. बँकेत जाण्याआधी सीएकडे जा.

पॅन मागायचा कसा, हाही कामाचाच भाग आहे. "भाऊ, पॅन कायले पाहिजे, आजवर कोणी मागितला नाही" असे म्हणणाऱ्याच्या मनात भीती असते की इन्कम टॅक्सवाले मागे लागतील. त्याला कायदा सांगू नका, हिशेब सांगा. वर्षाला ६ लाखांचे ठेके बँकेतून घेणाऱ्या रंगाऱ्याने अंदाजी पद्धतीने रिटर्न भरले तर किमान ६ टक्के, म्हणजे ३६,००० उत्पन्न दाखवता येते. त्यावर कर शून्य, आणि कापलेले ६,००० व्याजासकट खात्यात परत. शिवाय भरलेले रिटर्न गाडीच्या किंवा घराच्या कर्जाला कामी येते. हे कळले की बहुतेकांचा नकार गळून पडतो. संदेश असा पाठवता येईल:

"नमस्कार दादा, सोमवारी काम सुरू करण्याआधी एवढे पाठवा. पॅन कार्डाचा उजेडातला सरळ फोटो. ज्या खात्यात पैसे हवेत त्याचा रद्द केलेला चेक, खाते तुमच्याच नावाचे. जीएसटी किंवा उद्यम नंबर असेल तर तो. बिलातून १ टक्का टीडीएस कापून तुमच्याच पॅनवर जमा करू आणि सर्टिफिकेट देऊ. पॅन नसेल किंवा आधारशी जोडलेला नसेल तर २० टक्के कापावे लागतात. कागद आले की त्याच दिवशी ॲडव्हान्स टाकतो."

२० टक्क्यांचे वाक्य त्यात असू द्या. पुढे खरोखर कापायची वेळ आली तर आधी सांगितल्याचा पुरावा हाच. एवढे करूनही नकार देणाऱ्याला काम देऊ नका, किंवा दिले तर २० टक्के कापून २६क्यूमध्ये पॅन उपलब्ध नाही या खुणेने आणि 'सी' शेऱ्याने दाखवा. पुढे त्याने पॅन दिला तर दुरुस्ती रिटर्नने ती रक्कम त्याच्या नावावर लावता येते, हेही त्याला सांगून ठेवा.

कागद ठेवायचे कुठे? ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. पॅन आणि चेकचे फोटो एकाच माणसाच्या ताब्यातल्या फोल्डरमध्ये, पार्टीच्या नावाने; फोनमधून आणि ग्रुपमधून काढून टाका. आधारची प्रत या कामासाठी लागतच नाही. कुणी आपणहून दिली तर परत करा, किंवा फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत ठेवा. आठ वर्षे फोल्डर जपा.

बाकी तारखा तुम्हाला ठाऊक असतीलच: कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. २६क्यू ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. प्रत्येक रिटर्नच्या मुदतीनंतर १५ दिवसांत ट्रेसेसवरून १६ए, म्हणजे टीडीएसचे सर्टिफिकेट, काढून द्यायचा असतो, आणि हीच गोष्ट छोट्या ऑफिसांत सर्रास राहून जाते. ज्याचे १,१२० रुपये कापले त्याला १६ए मिळाला नाही, तर त्याच्या दृष्टीने ते तुम्ही ठेवून घेतले. पीडीएफ त्याच्या मोबाईलवर पाठवा, "एवढे तुमच्या पॅनवर जमा आहेत, रिटर्न भरले की मिळतील" अशी एक ओळ सोबत लिहा, आणि त्याचा नंबर बदलला असेल तर रजिस्टरात त्याच वेळी दुरुस्त करा.